आधी झुडूप, मग ट्रफल: मुर्सियातल्या वाळवंटी ट्रफलच्या लागवडीचं प्रकरण

माझा मावसभाऊ कुवेतला असतो. एका फेब्रुवारीत त्याने व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो पाठवला, क्रेटमध्ये मातीने माखलेले बटाटे, लहानमोठे, काहींना भेगा पडलेल्या, आणि खाली लिहिलेलं, दादा भाव ऐकलास तर खालीच बसशील. बटाटे नव्हतेच ते. तिकडे त्याला फगा म्हणतात, म्हणजे वाळवंटी ट्रफल, जमिनीखाली वाढणाऱ्या बुरशीचं फळ. हिवाळा सरता सरता तिकडे याचा बाजार भरतो आणि सौदी, इराक, इराण, लिबिया, मोरोक्को कुठून कुठून माल येतो. भावाचा पुढचा प्रश्न आपल्या घरातला कुणीही विचारेल तोच होता, याची शेती होते का रे?

होते. पण हे एका शब्दात सांगून भागत नाही, कारण वाचत गेलो तसं कळलं की या लोकांनी शेती केली ती एका फूटभर झुडपाची, आणि ट्रफल हा त्या झुडपाच्या मुळाशी चाललेल्या व्यवहारातून अधूनमधून बाहेर पडणारा माल आहे. झुडूप खूश तर ट्रफल, झुडूप नाराज तर तुम्ही कितीही उकरा, माती सोडून काही मिळणार नाही. याचं नीट नोंदी ठेवलेलं एक प्रकरण स्पेनमधल्या मुर्सियाचं आहे, तेच इथे सगळं लिहितोय, जरा लांबेल.

पहिल्यांदा हे काय आहे ते. ट्रफल म्हटलं की आपल्याला फ्रान्स-इटलीचे ते काळे-पांढरे ट्रफल आठवतात, ओकच्या झाडाखाली कुत्रा घेऊन शोधतात ते, ज्याचा वास हीच किंमत. वाळवंटी ट्रफल वेगळे. त्यात मुख्य दोन गट, टर्फेझिया आणि टिरमानिया. वास सौम्य, चव मातकट-गोडसर, आणि ते किसून शिंपडायची नाही तर भाजीसारखी भरपूर खायची गोष्ट आहे, भातात घालतात, मटणात घालतात. मोरोक्को-अल्जीरियात तेरफास, सीरियात कमा, इराणात दुंबलान, तुर्कस्तानात दोमालान, आणि मुर्सियात तुर्मा. एवढी नावं आहेत म्हणजे माणसं हे किती जुन्या काळापासून खातायत बघा. अरबांमध्ये याला विजेच्या गडगडाटाच्या लेकी असंही म्हणतात, कारण गडगडाटी पाऊस झाला की हे येतात असा अनुभव.

आपल्याकडेही वीज कडाडली की अळंबी येते असं जुनी माणसं म्हणतात. पण आपली वारुळावरची अळंबी म्हणजे बुरशी आणि वाळवी यांचा संसार, वाळवी त्या बुरशीला वारुळात पोसते. वाळवंटी ट्रफलचा संसार झाडाशी आहे. हा फरक डोक्यात ठेवा, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे.

ते झाड कोणतं? हेलिअँथेमम नावाची एक जात आहे, तिच्या अनेक प्रजाती भूमध्य समुद्राच्या भोवती आणि अरबस्तानात सापडतात. खुरटी, काटक, जमिनीलगत पसरणारी झुडपं, काही प्रजाती तर वर्षायू, पावसाबरोबर उगवून उन्हाळ्याआधी मरणारं गवतासारखं रोप. कुवेतमध्ये हेलिअँथेमम लिप्पीला रगरूग म्हणतात आणि फगा शोधणारा माणूस आधी रगरूग शोधतो. स्पेनमध्ये तर ट्रफलला तुर्मा आणि झुडपाला तुर्मेरा, म्हणजे नावातच सांगितलंय की ही तुर्म्याची आई. गुराख्यांना आणि वाळवंटातल्या भटक्या बेदूइनांना हे पिढ्यानपिढ्या माहीत होतं. प्रयोगशाळेत ते दाखवायचं काम कुवेतच्याच शास्त्रज्ञांनी केलं, अवामेह आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७९ मध्ये हेलिअँथेममच्या दोन वर्षायू प्रजाती घेऊन, ट्रफलच्या बीजाणूंपासून मुळांवर जोडी जमवून दाखवली. मला ही गोष्ट फार आवडते, की ज्यांच्या जेवणात ती वस्तू होती त्यांच्याच देशात तिच्यावरचं सुरुवातीचं मोठं काम झालं.

आता मायकोरायझा. द्राक्ष-डाळिंबवाल्यांना हा शब्द नवा नाही, कृषी सेवा केंद्रात पावडर मिळते, ड्रिपमधून सोडतात. मुळाला बुरशी चिकटते, ती मातीतून पाणी आणि स्फुरद म्हणजे फॉस्फरस आणून देते, झाड तिला पानात तयार झालेली साखर देतं. पण दुकानातली ती पावडर म्हणजे बहुतेक पिकांवर चालणारी बुरशी, ती कुणाशीही जमवून घेते, आणि तिला जमिनीत फळ वगैरे काही येत नाही. ट्रफलची बुरशी तशी नाही. तिला ठरावीक कुळातलं झाड लागतं आणि ठरावीक माती लागते. स्पेनचंच उदाहरण घ्या, मुर्सियाकडे चुनखडीची, सामू (पीएच) ८ च्या आसपासची माती, तिथे टर्फेझिया क्लॅव्हेरी ही प्रजाती आणि बहुवर्षायू हेलिअँथेमम. पश्चिमेला एक्स्ट्रेमादुरात आम्लधर्मी माती, तिथे टर्फेझिया अरेनारिया ही दुसरी प्रजाती आणि तिची जोडीदार ट्युबेरारिया गुटाटा नावाचं छोटंसं वर्षायू रोप. देश एक, खाणारे एक, पण जोड्या वेगळ्या. एकीचं झाड दुसरीच्या मातीत नेऊन लावलं तर वर्ष फुकट.

मुर्सियाची गोष्ट

स्पेनच्या आग्नेय कोपऱ्यात मुर्सिया. वर्षाला साधारण ३०० मिलीमीटर पाऊस, म्हणजे आपल्या माण-आटपाडीपेक्षाही कमी, आणि तो पडतो शरद आणि वसंतात, उन्हाळा एकदम कोरडा भट्टी. अशा जमिनीत पीक घ्यायचं तर कोण काय घेणार, बदाम, थोडं धान्य, मेंढ्या. रानात तुर्मा पूर्वीपासून मिळायच्या, पण नांगरट वाढली, तुर्मेऱ्याची रानं मोडली, तशा त्या कमी होत गेल्या.

मुर्सिया विद्यापीठात मारिओ ओन्रुबिया आणि आसुन्सिओन मोर्ते यांच्या टीमने हे काम हातात घेतलं. त्यांनी झुडूप निवडलं हेलिअँथेमम अल्मेरिएन्से, पांढऱ्या फुलांचं, त्याच भागातलं, बहुवर्षायू. ही निवड मला या सगळ्या प्रकरणातला पहिला शहाणपणाचा निर्णय वाटते. कुवेतच्या त्या कामात वर्षायू रोपं होती, ती कुंडीत पटकन वाढतात, प्रयोगाला सोपी, पण शेतात लावायची तर दरवर्षी झाड मरणार आणि दरवर्षी जोडी नव्याने जमायला पाहिजे. बहुवर्षायू झुडूप असलं की बुरशी त्याच्या मुळांवर उन्हाळा काढते आणि पुढच्या वर्षी तिथूनच सुरू होते. म्हणजे एकदा लावलं की बागेसारखं, पेरणीसारखं नाही.

रोपं तयार करणं हेच खरं किचकट. तुर्मेऱ्याचं बी बारीक आणि कवच टणक, पाणीच आत जात नाही, म्हणून ते आधी घासून, खरवडून घ्यावं लागतं मग ते रुजतं. दुसरीकडे पिकलेल्या तुर्मा वाळवून, भिजवून, वाटून त्यातल्या बीजाणूंचं पाणी करायचं आणि ते रोपांच्या मुळाशी घालायचं. नंतर नर्सरीत महिनोन् महिने सांभाळायचं आणि अधूनमधून मुळं काढून मायक्रोस्कोपखाली बघायची, कारण वरून रोप कितीही हिरवंगार दिसलं तरी खाली जोडी जमली नसेल तर ते साधं झुडूप आहे, ट्रफलचं रोप नाही. बीजाणूंऐवजी प्रयोगशाळेत वाढवलेली बुरशी वापरायचीही पद्धत आहे, पण ही बुरशी बशीत फार हळू वाढते, तिची गती वाढवायच्या वाटा शोधण्यातच या टीमची बरीच वर्षं गेली. नर्सरीत रोपं मरण्याचं प्रमाणही डोकेदुखीचं, त्यावर पुढे २०१६ मध्ये त्यांनी दाखवलं की त्याच मातीतले मूळचे काही बॅक्टेरिया, त्यात स्युडोमोनास मँडेली, रोपांना दिले तर रोपं जास्त जगतात. म्हणजे दोघांचा संसार म्हणतोय मी, पण घरात तिसरंही कुणीतरी राबतंय.

१९९९ मध्ये लोर्का तालुक्यातल्या (तिकडच्या भाषेत नगरपालिका, पण आपल्या हिशोबाने तालुकाच धरा) सार्सादिया दे तोताना या गावी अशा रोपांची लागवड झाली, आणि २००१ मध्ये तिथे तुर्मा निघाल्या. लागवडीच्या वाळवंटी ट्रफलचं जगातलं पहिलं पीक हेच मानतात. दोन वर्षांत! काळ्या ट्रफलला ओक किंवा हेझलच्या बागेत सात-आठ वर्षं सहज थांबावं लागतं, कधी त्याहून जास्त. इथे झुडूप लहान, आयुष्याची घाई असलेलं, त्यामुळे ते लवकर फळाला येतं.

इथपर्यंतची गोष्ट यशोगाथा म्हणून कुठेही छापता येईल. मला त्याच्या पुढचं सांगायचंय, कारण पुढच्या वर्षांत उत्पादन वर-खाली, वर-खाली होत राहिलं. एका वर्षी हेक्टरी काही शे किलो निघू शकतात आणि दुसऱ्या वर्षी त्याच जमिनीत, त्याच झुडपांखाली जवळपास काहीच नाही. झुडपं जिवंत, मुळांवर बुरशी आहे, मग फळ का नाही?

मुळाच्या आत काय चाललंय

याचं उत्तर समजायला ही जोडी मुळात कशी बसते ते बघावं लागतं. मायकोरायझाचे ढोबळ प्रकार शाळा-कॉलेजात शिकवतात, एकात बुरशी मुळाच्या पेशींच्या आत शिरते, दुसऱ्यात ती बाहेरून मोज्यासारखी गुंडाळते आणि पेशींच्या मधल्या फटींतून जाळी विणते. टर्फेझिया आणि हेलिअँथेमम या जोडीला यातला एक कप्पा पुरत नाही. मुर्सियाच्या टीमने तीच बुरशी आणि तेच झुडूप तीन ठिकाणी बघितलं, काचेच्या बाटलीत मोज्यासकट बाहेरचा प्रकार, ग्रीनहाऊसमध्ये मोजा नाही पण फटीत जाळी आणि थोडी आतही, आणि उघड्या शेतात ती पेशींच्या आत. तीन ठिकाणी तीन रूपं. म्हणून याला मधलं नाव दिलंय, एक्टेंडोमायकोरायझा, आणि ही एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सरकणारी गोष्ट आहे असं ते मांडतात.

आणि ती सरकते कशाने, तर पाण्याने सुद्धा. पाण्याचा ताण वाढला की बुरशी पेशींच्या आत जास्त शिरते असं त्यांना दिसलं. मला हे वाचून थांबायला झालं, दुष्काळात दोघं एकमेकांच्या जास्त जवळ येतात. आत शिरल्यावर देवाणघेवाण जवळून होते, अंतर उरत नाही. याच बुरशीत पाण्याची वाट मोकळी करणारं एक प्रथिन आहे, अ‍ॅक्वापोरिन म्हणतात तसलं, २०१२ मध्ये त्यांनी ते यीस्टमध्ये घालून तपासलं तर त्यातून पाण्याबरोबर कार्बन डायऑक्साइडही जातो असं निघालं. मातीतली बुरशी आणि कार्बन डायऑक्साइड यांचा काय संबंध असं वाटेल, पण दोन्ही जोडीदारांच्या व्यवहारात पाणी आणि कार्बन याच दोन नाण्यांत सगळी देणीघेणी होतात, म्हणून ते महत्त्वाचं. २००० च्या एका प्रयोगात बुरशी असलेली आणि नसलेली तुर्मेऱ्याची रोपं तहानलेली ठेवली होती, बुरशीवाली जास्त जगली आणि त्यांची पानं जास्त वेळ काम करत राहिली.

थोडक्यात झुडपाला बुरशी हवीय ती उन्हाळा काढायला. ट्रफल देणं हा झुडपाचा हेतूच नाही, तो बुरशीचा आहे, आणि बुरशी तो खर्च करते जेव्हा झुडपाकडून साखर भरपूर येत असते तेव्हाच.

हत्तीचा पाऊस

आता वर्षभराचं चक्र बघा. मुर्सियाच्या उन्हाळ्यात तुर्मेरा पानं गाळतो, काड्या होतो, बघणाऱ्याला मेलाच वाटतो. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये पहिला पाऊस आला की नवी पालवी, नवी मुळं, आणि त्या नव्या मुळांवर बुरशी पुन्हा पसरते. हिवाळ्यात वरून काही दिसत नाही पण जमिनीत तयारी चालू असते. वसंतात झुडूप फुलावर येतं, पानं जोरात साखर बनवतात, आणि तेव्हाच, साधारण मार्च ते मे, तुर्मा फुगतात, माती उचलली जाते, भेग पडते.

ज्यांनी डाळिंब किंवा मोसंबीचा बहार धरलाय त्यांना हे वाचताना ओळखीचं वाटलं पाहिजे. झाडाला ताण द्यायचा, पाणी तोडायचं, पानगळ होऊ द्यायची, आणि मग बरोबर वेळेला पहिलं पाणी. ते पहिलं पाणी चुकलं तर नंतर कितीही पाणी द्या, बहार हातचा गेला. सप्टेंबर-ऑक्टोबर म्हणजे आपला हस्त बहाराचाच काळ. मुर्सियात ताण निसर्ग देतो, फुकट देतो, आणि पहिलं पाणीही निसर्गानेच द्यायचं असतं, पण तो प्रत्येक वर्षी देत नाही.

टीमने बरीच वर्षं एका बाजूला हवामान आणि दुसऱ्या बाजूला निघालेलं उत्पादन असं लिहून ठेवलं, त्यातून जे वर आलं ते हेच, की वसंतात किती तुर्मा निघणार याचा मोठा भाग आधीच्या शरदातल्या पावसावर ठरलेला असतो. फळ दिसण्याच्या सहा महिने आधी, झुडूप मेल्यासारखं दिसतंय तेव्हा. वसंतात शेतकरी शेतात येतो, भेगा शोधतो, भेगा नाहीत म्हणून पाणी सोडतो, आणि ते पाणी बऱ्याच अंशी उशिराचं असतं. ऑक्टोबरमध्ये त्याच शेताकडे बघायला कुणी फिरकतही नाही कारण बघण्यासारखं काही नसतं. या प्रकरणाचं मर्म मला इथे वाटतं.

अरबांना हे माहीत होतं, बरं का. आखातात वस्म नावाचा काळ असतो, साधारण ऑक्टोबरच्या मध्यापासून डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यापर्यंत, ताऱ्यांच्या उगवण्यावरून मोजलेला, आपल्या नक्षत्रांसारखाच. वस्मचा पाऊस झाला तर फेब्रुवारी-मार्चमध्ये फगा, नाही झाला आणि नंतर जानेवारीत धो धो कोसळला तरी फगाची आशा धरायची नाही असं तिथली माणसं सांगतात. आपल्याकडे रब्बीच्या ज्वारीसाठी हत्तीचा, म्हणजे हस्त नक्षत्राचा पाऊस बघतात तसंच हे. गडगडाटाच्या लेकी या नावातही तोच अनुभव आहे, शरदातली वादळं गडगडाटी असतात.

वसंताचं अगदीच काही नाही असं मात्र समजू नका. शेवटचा टप्पा हवेच्या कोरडेपणावर अवलंबून असतो. पॉलीहाऊसवाल्यांना व्हीपीडी माहीत असेल, हवा किती तहानलेली आहे त्याचं माप. वसंतात हवा लवकर कोरडी पडली की तुर्मेरा पर्णरंध्रं बंद करून घेतो, पाणी वाचवतो, पण रंध्रं बंद म्हणजे साखर बंद, आणि साखर बंद म्हणजे खाली तुर्मा फुगायची थांबते. २०२० मध्ये त्यांनी हेच मांडलं, की वसंतात झुडपाची पर्णरंध्रं व्हीपीडीला कशी वागतात हे बघून फळधारणेचा अंदाज घेता येतो. बुरशीचं पीक आणि निदान पानावरून! मला ही गोष्ट सगळ्यात जास्त पटली कारण डॉक्टर जीभ बघून पोटाचं सांगतो तसंच आहे हे.

मग करायचं काय, तर कोरड्या वर्षी शरदात वेळेवर पाणी, आणि लागलं तर वसंताच्या सुरुवातीला थोडं. तेही मोजून. कारण पाणी जास्त झालं की तण माजतं, आणि झुडपाला ताणच नसला तर बुरशीची गरजही कमी होते, मग जोडीतला ओढाच ढिला पडतो. ड्रिप चालू करून विसरून जायचं पीक नाही हे. खतांचंही तसंच, स्फुरदाचा मारा केला तर झाड बुरशीला कशाला विचारेल, हे आपल्याकडेही मायकोरायझा वापरणाऱ्याने लक्षात ठेवायला हवं, एका हाताने पावडर सोडायची आणि दुसऱ्या हाताने फॉस्फरसचा ढीग, असं मी स्वतः आमच्या शेजारच्या बागांत बघितलंय.

काढणीत फार सांगण्यासारखं नाही. तुर्मा वरच असतात, भेग आणि फुगवटा बघून काठीने किंवा छोट्या अवजाराने हळूच उचलतात, कुत्र्याची सहसा गरज पडत नाही. मुळं तोडायची नाहीत आणि खड्डा बुजवायचा, बस.

एक उशिरा कळलेली गोष्ट

२०२१ मध्ये टर्फेझिया क्लॅव्हेरी आणि टिरमानिया निव्हेआ या दोन्हींचा जीनोम प्रसिद्ध झाला, त्यात मुर्सियाची माणसं होतीच. त्यातून एक साधी पण बागवानाच्या दृष्टीने फार कामाची गोष्ट पक्की झाली, की या बुरशीत दोन वेगवेगळे मेळ-प्रकार असतात आणि फळ धरायला दोन्ही लागतात. नर-मादी म्हणणं शास्त्रीय दृष्ट्या बरोबर नाही, पण समजायला पपईचं उदाहरण घ्या, एकाच प्रकारची झाडं लावली तर बाग हिरवी दिसेल, फळ नाही.

आता मागे जाऊन नर्सरीकडे बघा. अनेक तुर्मा वाटून केलेल्या बीजाणूंच्या पाण्यात दोन्ही प्रकार आपोआप येतात. पण प्रयोगशाळेत एकाच तुकड्यापासून वाढवलेली शुद्ध बुरशी घेतली तर त्यात एकच प्रकार असणार, आणि ती सगळ्या रोपांना दिली तर शंभर टक्के मायकोरायझा असलेली, मायक्रोस्कोपखाली देखणी, आणि जोडीदार कुठून वाऱ्यावर-जनावरावर येऊन पडेपर्यंत वांझ बाग तयार व्हायची. स्वच्छ, एकसारखं, लॅबमधलं म्हणजे चांगलं असं आपण धरून चालतो, इथे वाटून केलेला गढूळ काढा जास्त सुरक्षित ठरतो. कुणी ट्रफलची रोपं विकत असेल तर मुळांवर बुरशी किती हे विचारून थांबू नये, दोन्ही मेळ-प्रकार आहेत का हेही विचारावं.

इस्रायलमध्ये नेगेव वाळवंटात बेन गुरियन विद्यापीठाच्या लोकांनी अशीच दुसरी जोडी घेऊन काम केलंय, टर्फेझिया बुडिएरी आणि हेलिअँथेमम सेसिलिफ्लोरम, तेही बहुवर्षायू. म्हणजे मुर्सियाचं झुडूप उचलून नेलं नाही, आपल्या वाळूतली जोडी शोधली. हे मला महत्त्वाचं वाटतं आणि त्यावरूनच भावाच्या शेवटच्या प्रश्नाकडे येतो.

त्याने विचारलं, रोपं मागवून आपल्या जमिनीत लावू का, आपल्याकडे तर दुष्काळ आहेच. मी नाही म्हटलं, आणि नुसतं नाही न म्हणता कारणं दिली. आपला दुष्काळ वेगळा आहे. मुर्सियाचा पाऊस थंडीच्या दोन्ही बाजूंना पडतो आणि उन्हाळा कोरडा, आपला पाऊस उन्हाळ्याच्या शेपटीला गरम मातीत येतो आणि थंडी कोरडी जाते, म्हणजे ज्या महिन्यांत त्या जोडीला गारवा आणि ओल दोन्ही लागते नेमके तेच महिने आपले कोरडे. पावसाळ्यात काळ्या मातीत पाणी तुंबलं की तुर्मेऱ्याची मुळं काय करतील ते सांगायला शास्त्रज्ञ नको. तण तर असं माजेल की झुडूप दिसायचं नाही. आणि मातीसकट रोप परदेशातून आणायचं म्हणजे क्वारंटाईनचे नियम आहेत, ते असायलाच हवेत, दुसऱ्या देशातली माती आपल्या शिवारात आणणं मलाच नको वाटतं.

त्यापेक्षा छत्तीसगडच्या बस्तरमध्ये सालाच्या झाडाखाली बोडा मिळतो, झारखंडात त्यालाच रुगडा म्हणतात, पहिल्या पावसात, जमिनीतून उकरून काढतात, तीही झाडाच्या मुळाशी संसार करणारीच बुरशी आहे, ट्रफल नाही पण नातं त्याच धाटणीचं. आपल्या पूर्वेकडच्या जंगलांत फिरणाऱ्यांनी कोणत्या झाडाखाली काय निघतं हे नुसतं लिहून ठेवायला सुरुवात केली, तारीख, झाड, आधीचा पाऊस कधी झाला, तरी ते मुर्सियाच्या वहीसारखंच काम होईल.

भावाला हे सगळं फोनवर सांगितलं तेव्हा त्याने ऐकून घेतलं. मग जुलैत एका शुक्रवारी तो मित्रांबरोबर शहराबाहेर गेला होता, रगरूग दाखवतो म्हणून कुणीतरी नेलं होतं, आणि तिथून त्याने व्हिडिओ कॉल लावला. वाळूत राखाडी काड्यांचे झुबके, पान एक नाही. दादा हे तर मेलंय सगळं, तो म्हणाला आणि एक काडी मोडायला हात पुढे केला. म्हटलं मोडू नकोस, जागा नीट लक्षात ठेव, लोकेशन सेव्ह कर, आणि ऑक्टोबरमध्ये पाऊस झाला की दोन आठवड्यांनी परत जाऊन बघ.